आठवा नियम

दिवाळीला आठ-दहा दिवस होते आन् आम्ही दोघं फडताळातले कागद बदलत होतो. दोघांनी मिळून केलेलं ते आमचं शेवटचं काम. काम तरी काय म्हणायचं, दरसाल करायचो. मी स्टुलावर उभा राहून वरचे डबे एकेक खाली द्यायचो, ती ओल्या फडक्यानं पुसून भिंतीच्या कडंला लावायची, मंग वर्षाचा तेलकट पेपर काढायचा, नवा पेपर अंथरायचा आन् डबे पुन्हा वर. डब्यांची रांग तिची ठरलेली. चहा, साखर, मंग पोहे, मंग शेंगदाणे, मंग हरभऱ्याची डाळ. मी पोहे आधी खाली दिले तर म्हणाली, अहो, विमानात पण सामान असंच भरायचे का तुम्ही, म्हणून काढलं असेल त्यांनी. मी म्हणलो, विमान भरायला डोकं लागतं, डबे लावायला नुसती बायको पुरते. हसली. मला तोंडावर बोलणारी ती एकटीच होती, बाकीचे मी काय बोलेन म्हणून आधीच लांब बसायचे.

तर दोन फळ्यांचे पेपर बदलून झाले, डबे अजून खालीच, तिसरीला आलो, आन् तिसऱ्या फळीच्या पेपरखाली एक घडीचा कागद निघाला. तो कागद काय होता ते आता सांगितलं तर ताई, तुम्ही लिहून घ्याल, पण तुम्हाला काही कळणार नाय. आधी मी कोण ते ऐका.

माझं नाव निवृत्ती. नाव निवृत्ती, पण निवृत्त काय मी झालो नाय, मला काढलं. त्र्यंबकेश्वराच्या बाजूला आमचं गाव. माझा बाप डोली वाहायचा. ब्रह्मगिरीवर म्हातारे यात्रेकरू यायचे, गुडघे गेलेले, दमेकरी, त्यांना डोलीत बसवायचं, पुढं एक, मागं एक, आन् पायऱ्या चढायच्या. आमचा बाप मागं असायचा, मागच्याला वजन जास्त येतं. मी सात-आठ वर्षांचा असंल तवापासून त्यांचं सामान घेऊन मागून चढायचो. शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं विसरलो, आकडे तेवढे राहिले. बापानं मला एकच गोष्ट शिकवली, आन् ती मारून शिकवली. एकदा एक म्हातारी स्वतःचं बोचकं स्वतः उचलून निघाली आन् मी बघत उभा राहिलो, तर बापानं डोली खाली ठेवली, येऊन माझ्या कानाखाली दिली आन् म्हणाला, म्हातारं माणूस ओझं उचलतंय आन् तू हात लोंबकळत ठेवतो, ते हात काय तुला झुलवायला दिलेत का? तवापासून माझे हात मला विचारत नाय. ओझं दिसलं की पुढं होतात.

पण हाताचं चांगलं आन् तोंडाचं वाईट, असा मी. लग्न झाल्यावर अंबडला एका कारखान्यात लागलो. तिथल्या फोरमननं एकाला बारीक चुकीसाठी सगळ्यांसमोर मुस्कटात मारली, मी त्याला जे बोललो ते आजपण ताई तुमच्यापुढं काढता येत नाय. दुसऱ्या दिवशी मी बाहेर. मंग भाजी मार्केटात अडत्याकडं होतो. त्याला म्हणलो, तुझा काटा आन् तू, दोघंबी एकाच बापाचे दिसता. तिथून पण बाहेर. यमुना, माझी बायको, सातवी शिकलेली होती. द्राक्षाच्या सीझनला पिंपळगावकडं पॅकिंगला जायची, घड साफ करायला, हातात छोटी कात्री, दिवसभर उभी. घरी आली की बोटं वाकडीच राहायची थोडा वेळ. अडत्यानं काढलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, अहो, तुमच्या तोंडाला कुलूप मिळतं का हो कुठं?

नव्वद सालाच्या पुढं ती विमानाची कंपनी आली. नाव घेत नाय, आता ती राहिली पण नाय. बारकी विमानं, दोन पंख्यांची. ओझरकडच्या धावपट्टीवरून मुंबईला सकाळी एक जायचं, संध्याकाळी एक यायचं. कंपनीचं तिकिटाचं ऑफिस शहरात होतं, लोक तिथं सामान घेऊन यायचे, तिथून कंपनीची बस त्यांना धावपट्टीवर न्यायची. आम्ही चौदा लोडर. ऑफिसासमोर बसमध्ये सामान भरायचं, तिकडं उतरवायचं, विमानाच्या पोटात भरायचं. तुम्हाला वाटेल काय मोठं, पण त्याला पद्धत असते. जड खाली, मूठ बाहेर, चिठ्ठी वर. मूठ आत गेली की उतरवणाऱ्याची बोटं जातात. मला त्या चिठ्ठीवरचे आकडे एका नजरेत यायचे. साहेब लोक कागद बघून सांगायचे तोवर मी सांगायचो, एक बॅग कमी हाय, अमुक आकड्याची. लय मान होता मला त्या कामात. आन् यमुनाला तर, तिला वाटायचं आमचा नवरा विमानात हाय. शेजारणींना म्हणायची, हे एअरलाइनमध्ये हायेत. मी म्हणायचो, आगं हमालीच हाय ती, फक्त हमालाला टोपी दिलीय.

पण आम्हाला कायम करत नव्हते. आठ महिने झाले की पंधरा दिवस घरी बसवायचे, मंग पुन्हा नव्यानं घ्यायचे, म्हंजे कागदावर आपण कायम नवेच. चार वर्षं मी नवाच होतो. मंग युनियन झाली. आमचे सेक्रेटरी वामनभाऊ, तिकीट खिडकीवर होते, शिकलेले, शांत माणूस. त्यांनी नोटीस दिली, बोलणी झाली, काही झालं नाय, मंग ठरलं की ऑफिसासमोर बोर्ड धरून उभं राहायचं. कागदावर त्याला पिकेटिंग म्हणायचे, आम्ही म्हणायचो बोर्ड धरायला चाललो. त्याच्यासाठी मुंबईच्या युनियनकडून नियमांचा कागद आला. विमानाच्या धंद्यात सगळं नियमानं, भांडण पण नियमानं. सभेत वामनभाऊंनी तो वाचून दाखवला, पण त्या दिवशी माझी पाळी होती, मी धावपट्टीवर. शिवराम म्हणून माझ्याबरोबरचा लोडर होता, त्यानं माझा कागद घडी घालून मला आणून दिला आन् म्हणाला, घे, पाठ कर, नायतर तुला पहिल्याच दिवशी घरी पाठवतील.

मी तो तसाच यमुनाच्या हातात दिला. संध्याकाळची वेळ, ती भाकरी थापत होती. हात पुसले, दाराशी उजेडाला बसली आन् वाचायला लागली. ज्याची पाळी असंल त्यानं बोर्ड धरायला यायचं नाय. कंपनीची टोपी, बिल्ला, काही घालायचं नाय आन् पास आधीच ऑफिसात जमा करायचा. दाराच्या वाटेत आन् बसच्या वाटेत उभं राहायचं नाय, चालत राहायचं, बसायचं नाय. मी म्हणलो, बसायचं का नाय? ती म्हणाली, लिहिलंय. प्रवाशाशी वाद नाय, त्यानं विचारलं तर छापलेला कागद द्यायचा. दारू पिऊन यायचं नाय. पेपरवाल्यांशी फक्त सेक्रेटरी बोलेल. सातवा, प्रवाशाच्या सामानाला हात लावायचा नाय. आन् मंग ती थांबली, कागद जरा तोंडाजवळ नेला आन् वाचलं, आठवा. सभासदानं उभं असताना कुणाशीच एक शब्द बोलायचा नाय. कोणी काही विचारलं तर सेक्रेटरीकडं बोट दाखवायचं.

मी म्हणलो, शब्द पण नाय? ती म्हणाली, एक पण नाय. मी म्हणलो, हा नियम माझ्यासाठीच केला का काय त्यांनी? ती म्हणाली, असंल, तुमची कीर्ती मुंबईपर्यंत गेली असंल. आन् कागद घडी घालून चोळीत ठेवला. तीन संध्याकाळी तिनं माझ्याकडून पाठ करून घेतले, मी आंघोळीला बसलो तर बाहेरून विचारायची, पाचवा? मी आतून सांगायचो, दारू. आठवा? तोंड बंद.

काय सांगू तुम्हाला, तीन दिवस मी असा उभा राहिलो की माझा मलाच भरोसा बसेना. समोर रसवंती होती, तिच्या घुंगरांचा आवाज आन् आमच्या चपलांचा आवाज, बस. बाकीचे गप्पा मारायचे, विडी ओढायचे, मला राग यायचा, म्हणायचो मनात, नियम यांना नाय का? शिवराम मला चिडवायचा, मौनीबाबा, पुढं चला, तुमचे भक्त खोळंबलेत. मी बोट वामनभाऊकडं. वामनभाऊला वाटायचं मी त्यांना बोलावतोय, ते यायचे, काय निवृत्ती? मी परत बोट त्यांच्याकडंच. सगळे पोट धरून हसायचे. आमचा ड्युटी ऑफिसर, त्याला आम्ही टायसाहेब म्हणायचो, उन्हाळ्यात पण टाय, तो दारात उभा राहून म्हणाला, काय रे निवृत्ती, जीभ गहाण टाकली का? एरवी मी त्याच टायनं त्याला खांबाला बांधला असता. मी चालत राहिलो. घरी येऊन यमुनाला सांगितलं, बाकीचे आठवा मोडतात. ती म्हणाली, मोडू द्या त्यांना, तुम्ही मोडू नका.

चौथ्या दिवशी मोडला. आठवा नाय, सातवा.

सकाळची बस लागलेली. त्या दिवसापासून पुरा संप, पाळी कुणालाच नव्हती, म्हणून आमच्या जागी कंपनीनं ठेकेदाराची माणसं आणली होती, त्यांना सामानातलं काही कळत नव्हतं, दोघं बसच्या टपावर चढून बसलेले, खाली कोणीच नाय. एक म्हातारी आली, एकटीच, नऊवारी, लेकाकडं परदेशात चाललेली, मोठी जड बॅग, वरून दोरीनं बांधलेली. तिनं ती बॅग रिक्षातून ओढली, ती पायावर पडली तिच्या. पुन्हा उचलायला गेली. कमरेत वाकली आन् तशीच राहिली. इकडं चौदा लोडर, ताई, चौदा, नाशिकात त्या दिवशी त्याच्याएवढे सामान उचलणारे हात एका जागी कुठं नसतील, आन् चौदाच्या चौदा बोर्ड धरून बघत उभे. माझा बोर्ड कधी खाली पडला मला माहीत नाय. गुडघा लावला, बॅग उचलली, बसच्या पोटात ठेवली, मूठ बाहेर. तिच्या नावाची चिठ्ठी लोंबत होती ती वर करून दोरीत खोचली. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, बाळा, तुझं कल्याण होईल. झालं माझं कल्याण. मागं वळलो तर टायसाहेब दारात, वहीत लिहितोय.

दोन दिवसांनी पत्र आलं. यमुनानं वाचलं. पास जमा केलेला असताना, संपावर असताना, प्रवाशाच्या सामानाला हात लावला, विमानाच्या सुरक्षेला धोका. चौकशीला हजर राहा. युनियनकडं गेलो तर वामनभाऊ लाल झालेले, एवढा शांत माणूस, म्हणाले, निवृत्ती, सातवा नियम कशासाठी होता? याच्यासाठीच होता. त्यांना हेच पाहिजे होतं. इकडून तू संप मोडला, तिकडून तू सुरक्षा मोडली, आता मी कुणीकडून भांडू? घरी आलो, रागानं हात कापत होते माझे. यमुनाला विचारलं, त्या आठव्यात चौकशीचं काही हाय का? तिथं बोलायचं का नाय? ती आत गेली, कागद बघून आल्यासारखी परत आली आन् म्हणाली, हाय ना. चौकशीत पण. एक शब्द नाय. बोट दाखवायचं, सेक्रेटरी बोलेल.

चौकशीला मुंबईचे एक म्हातारे साहेब आले होते, चष्मेवाले. वाईट माणूस नव्हता. टायसाहेबानं वाचून दाखवलं, मंग ते म्हातारे साहेब मला म्हणाले, तुम्ही बॅगेला हात का लावला? मी वामनभाऊकडं बोट केलं. ते म्हणाले, म्हंजे सेक्रेटरीनं सांगितलं होतं? वामनभाऊ ताडकन उठले, म्हणाले, युनियनचा ह्याच्याशी काही संबंध नाय, आमच्या नियमात सामानाला हात लावायचा नाय असं स्पष्ट हाय. साहेब पुन्हा म्हणाले, अहो, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, का हात लावला, काही कारण असेल ना? पुन्हा बोट. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आन् म्हणाले, हे बघा, एक वाक्य सांगा. एक वाक्य सांगितलं तर मी लिहून घेतो आन् आपण सगळे जेवायला जातो.

एक वाक्य. म्हातारी होती, तिला उचलत नव्हतं. एवढंच होतं. माझ्या दातापर्यंत आलं होतं. मी बोट दाखवलं.

काढलं मला. महिन्याभरात बोलणी झाली आन् बाकीचे तेरा कायम झाले. टोप्या मिळाल्या नव्या.

निकालाच्या दिवशी जिन्यात मी वामनभाऊला गाठलं आन् तोंड उघडलं, म्हणलो, तुमचाच आठवा नियम पाळला मी, आन् तुम्हीच मला बुडवलं. ते म्हणाले, कुठला आठवा? सातच हायेत. मी म्हणलो, आता सातच झाले का? शिवरामला विचारलं, तो पण म्हणाला, सातच रे बाबा. मी समजलो. कायम झालेला माणूस, तो सेक्रेटरी म्हणेल तेच म्हणणार. घरी येऊन म्हणलो, यमुने, काढ तो कागद, वामन्याच्या तोंडावर मारतो. ती चुलीपाशी बसलेली, वळली पण नाय. म्हणाली, तो तर बंबात गेला पेटवायला.

त्याच्यानंतरचं आयुष्य काय सांगू. स्टेशनवर बिल्ल्याशिवाय ओझी उचलली, बिल्लेवाले मारायला धावायचे. मंग अंबडला एका गोदामावर वॉचमन. यमुना द्राक्षाला जातच राहिली, तिचे गुडघे तिथंच गेले, उभं राहून राहून. पोरगी मंदा, तिचं लग्न करून सिन्नरला दिली. आन् ह्या सगळ्या दहा-बारा वर्षांत माझं एकच तुणतुणं, वामन्या. भाकरी करपली तरी वामन्या, पाऊस आला तरी वामन्या. तोंडाला कुलूप नाय काही लागलं, उलट दार सताड उघडलं. कोणी भेटो, मी त्याला आठवा नियम सांगायचो. लोक रस्ता बदलायला लागले. मी वामन्याचं नाव काढलं की यमुना उठून आत जायची. मला वाटायचं, कंटाळली.

एकदा तो स्वतः घरी आला होता, वामनभाऊ. रिटायर झाल्यावर. बसला खाटेवर, म्हणाला, निवृत्ती, म्हातारे झालो आता, किती दिवस तोंड फिरवशील? पण मला एक सांग, तू तो आठवा नियम कुठून काढला रे, मला खरंच समजत नाय. मी बोलायच्या आत यमुनानं येऊन त्याच्या हातातला कप घेतला. कपात अजून अर्धा चहा होता. तो बघतच राहिला. मंग उठला आन् गेला. मी तिला म्हणलो, बरं केलंस, असंच पाहिजे त्याला.

तर आता ती फळी.

तिसरी फळी दरसाल ती मला करू देत नसायची. दोन फळ्या झाल्या की म्हणायची, अहो, चहा ठेवा जरा, आन् मी चहा ठेवेपर्यंत तिसरी तिनं एकटीनं केलेली असायची, गुडघे दुखत असले तरी स्टुलावर चढून. यंदा मला चहाला पाठवलं नाय. विसरली का मुद्दाम पाठवलं नाय, ते आता मी कुणाला विचारू?

पेपर ओढला आन् घडी खाली पडली. मी स्टुलावरून उतरलो, उचलली, उघडली. वर युनियनचा गोल शिक्का. मला ओळी येत नाय वाचता, पण ओळींच्या पुढचे आकडे येतात, तेच तर येतात. एक, दोन, तीन, मी बोट लावत खाली आलो. सात. सातच्या खाली सही. सहीच्या खाली कोरा कागद. मी उलटा करून बघितला, मागं पण कोरा.

म्हणलो, यमुने, इथं सात हाय. आठ कुठं हाय?

तिच्या हातात हरभऱ्याच्या डाळीचा डबा होता. तो तिनं खाली ठेवला, वरचं झाकण नीट लावलं. म्हणाली, आठवा माझा.

तुझा म्हंजे?

म्हंजे मी घातला. वाचताना. आधीच्या दोन्ही नोकऱ्या तुमच्या तोंडानं खाल्ल्या होत्या. तिसरी तरी वाचवावी म्हणून. मला वाटलं, उभे राहतील, कुणीतरी काही बोलेल, हे फुटतील, मारामारी होईल.

मी म्हणलो, आन् चौकशीत?

म्हणाली, तुमचे हात कापत होते त्या दिवशी. वाटलं, तिथं जाऊन त्या टायवाल्याची मान धरतील, मंग पोलीस. मला काय ठाऊक तिथं चांगला माणूस बसला असंल आन् एक वाक्यच मागंल.

आन् पुढं? दहा वर्षं झाली ना?

कधी सांगू, अहो? रोज तुम्ही वामनभाऊला ज्या शिव्या द्यायचे त्या मी ऐकत होते. त्या सगळ्या माझ्या होत्या. मी म्हणायचे आज सांगते, उद्या सांगते. फाडायला पण घेतला दोनदा. फाटला नाय माझ्याच्यानं.

असं म्हणून ती माझ्याकडं बघत बसली. खाली फरशीवर डबे, कोणाची झाकणं उघडी, फडकं ओलं. मी काही बोललो नाय. ताई, मला बोलायला येत नव्हतं अशातला भाग नाय, येत होतं, दातापर्यंत भरलं होतं. मी बोललो नाय, कारण मला कळलं होतं की तिला हेच सगळ्यात जास्त लागंल. तिचाच नियम मी तिच्यावर चालवला. ती म्हणाली, अहो, शिव्या द्या, पण बोला काहीतरी. मी चपला घातल्या आन् बाहेर गेलो. देवळाच्या ओट्यावर बसलो दिवसभर. संध्याकाळी आलो तर तिनं ताट वाढलेलं, मेथीची भाजी, मला आवडते तशी कोरडी. जेवलो. तिनं विचारलं, भाकरी वाढू? मी बोट दाखवलं टोपल्याकडं. बोट. ती टोपल्याकडं बघायच्या ऐवजी माझ्या बोटाकडंच बघत राहिली. डबे तसेच खाली होते. म्हणाली, उद्या लावू, आज पाय लय भरून आलेत. तेच तिचं शेवटचं.

सकाळी मी उठलो तर ती उठली नव्हती. ती माझ्या आधी उठली नाय असं कधी झालं नव्हतं. हात लावला. बापाबरोबर डोंगरावर मी तसे हात लावलेत दोन-तीन लोकांना, डोलीतच गेलेल्या, मला लगेच कळतं.

कुणाला हाक मारली नाय आधी. दाराला कडी होती, ती तशीच ठेवली. नवा पेपर तिनं कापून ठेवलेला होता, तो तिसऱ्या फळीवर अंथरला. त्याच्यावर तो कागद ठेवला, शिक्का वर येईल असा. कॅलेंडरला बांधलेली पेन्सिल होती तिची, ती सोडली आन् सातच्या खाली, सहीच्या बाजूला, आठ लिहिला. पुढं काय लिहायचं ते मला लिहिता येत नाय, तिथं जागा कोरीच हाय, आता पण कोरीच हाय, तुम्ही बघू शकता. मंग डबे लावले. चहा, साखर, पोहे, शेंगदाणे, डाळ. चुकलो नाय.

मंग तिच्याजवळ जाऊन बसलो आन् तिनं मागितल्या होत्या त्या शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या, दहा-बारा वर्षांच्या, मोठ्यानं. त्या लिहू नका ताई. मध्ये मध्ये दुसरं पण बोललो, ते तर लिहूच नका. माझा आवाज एवढा मोठा होता की शेजारची सुमन दार ठोकायला लागली, बाबा, अहो बाबा, सकाळी सकाळी कुणावर ओरडताय, काकू कुठंय, काय झालं?

मी उठलो, कडी काढली. ती पुन्हा म्हणाली, काय झालं बाबा, सांगा ना.

मी यमुनाकडं बोट दाखवलं.